अंगणात वाजणारं मशीन उंच गवतात गप्प का होतं? पडीक रानातल्या मेटल डिटेक्टरच्या तक्रारी आणि उपाय

पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत दरवर्षी तीच तक्रार ऐकू येते. गवत कापताना अंगठी पडली, जोडवं निसटलं, ट्रॅक्टरची पिन रानात राहिली, नाहीतर कधीकाळी बुजवलेला पाइपलाइनचा व्हॉल्व्ह आता सापडत नाही. मग कुणाचं तरी मेटल डिटेक्टर मागून आणलं जातं. अंगणात ते चोख वाजतं. पडीक रानात नेलं की एक तर गप्प बसतं, नाहीतर गवताच्या काडीकाडीला ओरडतं. तासाभरात माणूस घामाघूम होतो आणि मशीनला बोल लावून मोकळा होतो. पुढच्या वेळी याहून महाग मशीन भाड्यानं येतं आणि तेही तसंच वागतं.

बहुतेक वेळा मशीन धडधाकट असतं. कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची धातू ओळखणारी चकती, जमिनीपर्यंत पोचतच नाही, हे खरं दुखणं. बाकीच्या तक्रारी त्यातूनच निघतात, किंवा त्यामुळे ओळखू येत नाहीत. म्हणून मशीन बदलण्याआधी पुढचं सगळं क्रमानं करून बघा.

गवत किती खोली खातं

डिटेक्टर अंतर मोजतं ते कॉइलपासून, जमिनीपासून नाही. अंगठी मातीत ३ इंच खाली आहे आणि गुडघाभर मारवेलावरून कॉइल ८ इंच वर तरंगतं आहे, तर मशीनच्या लेखी अंगठी ११ इंचांवर आहे. सिग्नल अंतराच्या प्रमाणात हळूहळू घटत नाही, तो कोसळतो. कॉइलच्या रुंदीपेक्षा जास्त अंतरावर गेल्यावर अंतर दुप्पट झालं, की लहान वस्तूचा सिग्नल साधारण चौसष्टावा भाग उरतो. म्हणून दोन इंच गवत जास्त कापणं हे सेन्सिटिव्हिटी (मशीनची संवेदनशीलता) दोन घरं वाढवण्यापेक्षा कितीतरी जास्त कामाचं.

आपल्या मशीनचा आकडा आधी घरीच काढा. लाकडी बाजेवर कॉइल उलटं ठेवा. बाजेत खिळे नाहीत ना, ते बघा. हरवलेल्या वस्तूसारखीच वस्तू, म्हणजे त्याच मापाची अंगठी किंवा दुसऱ्या पायातलं जोडवं, कॉइलसमोरून हलवत हळूहळू दूर न्या. आवाज थांबतो ते अंतर टेपनं मोजा. हा हवेतला आकडा झाला. काळ्या रानात तो याहून कमीच भरणार. या चाचणीसाठी खिशातलं नाणं वापरू नका. एक-दोन रुपयांची स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात. डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळणारं सेटिंग) चालू असेल तर मशीन त्यांना लोखंड समजून गाळू शकतं, आणि चांगलं मशीन बिघडलं असा समज होतो.

आधी ठरवा, शोधायचं काय आहे

सगळ्या वस्तूंसाठी रान हजामत केल्यासारखं साफ करायची गरज नसते. जुन्या बोअरचा लोखंडी केसिंग पाइप, नांगराचा फाळ, वखराची पास किंवा रोटाव्हेटरचं पातं यांचा सिग्नल मोठा असतो. गवत वीतभर ठेवलं तरी चालतं. मात्र बोअरला पीव्हीसी केसिंग असेल तर मशीन कितीही फिरवा, ते वाजणार नाही. पाइपलाइनचंही तसंच. पीव्हीसी पाइप सापडत नाही, पण व्हॉल्व्हचं लोखंडी हँडल, जीआय निपल आणि नटबोल्ट सापडतात. म्हणून पूर्ण लाइन शोधत बसू नका. ज्या ओळीवर व्हॉल्व्ह असायला हवा, त्या ओळीवरच चाला.

अंगठी, जोडवी, पैंजण यांसाठी मात्र गवत दोन इंचांपर्यंत खाली यायलाच हवं. चांदी वीज उत्तम वाहते, त्यामुळे जोडव्याचा आवाज लहान असला तरी स्वच्छ येतो. सोन्याची अंगठी मधल्या टप्प्यात वाजते, आणि गोळ्यांच्या पट्टीची पन्नी, औषधाच्या बाटलीचं सील, दारूच्या बाटलीचं ॲल्युमिनियमचं झाकण हेही त्याच पट्ट्यात येऊन बसतात. म्हणून कचरा नको म्हणत डिस्क्रिमिनेशन वाढवलं, तर कचऱ्यासोबत अंगठीही गाळली जाते. शोध दागिन्याचा असेल तर ऑल मेटलवर, म्हणजे कुठलाच धातू न गाळणाऱ्या सेटिंगवर, ठेवा आणि शंभर पन्न्या खणायची तयारी ठेवा.

बारीक साखळी सगळ्यात अवघड. मशीनला साखळी एकसंध दिसत नाही, एकेक कडी सुटी दिसते, आणि कडी फारच लहान असते. मंगळसूत्राचे काळे मणी काचेचे असतात, ते वाजतच नाहीत. वाजतात त्या वाट्या. त्यामुळे मंगळसूत्र शोधताना चाचणीही वाटीवरच घ्या.

गवत कापताना होणाऱ्या चुका

पहिली चूक म्हणजे ब्रश कटर घेऊन थेट घुसणं. लोखंडी पातं दगडाला लागलं तर खडा उडतो, तशी अंगठीही उडते, आणि मग शोधायची जागा एका वाफ्यावरून अर्ध्या वावरावर जाते. वस्तू जिथं पडली असा संशय आहे, तिथून चहूबाजूंनी १० फूट ब्रश कटर नेऊ नका. तेवढं विळ्यानं कापा. बाहेरच्या भागात ब्रश कटर चालेल, पण दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत वीतभर धसकट ठेवा, कापलेलं उचला, जमीन बघून घ्या, मग दुसऱ्या फेरीत दोन इंचांपर्यंत या. एकाच दमात खाली गेलं की पातं दगडावर आपटतं, त्याचे तुकडे मातीत पडतात आणि नंतर तेच तुकडे वाजत राहतात.

संशयाची जागा ठरवायला अंदाज बांधू नका, माणसाला विचारा. गवत कापायला कोण कोण होतं, कुणाची पात कुठून कुठे गेली, पाणी प्यायला कुठे बसले, पेंड्या कुठे बांधल्या, हे विचारून चार खुंट्या ठोका. दागिना हात झटकताना, पेंडी आवळताना किंवा घाम पुसताना निसटतो. पात कापताना तो फारसा पडत नाही. म्हणून पेंड्या बांधल्या ती जागा पहिली.

आणि पेंड्या स्वतः. हे बरेचदा सुटतं. दागिना जमिनीवर नसतोच, तो पेंडीत अडकून गंजीवर जाऊन बसलेला असतो. कापलेलं गवत जागेवरून हलवण्याआधी तपासून घ्या. पद्धत सोपी आहे. खिळे नसलेल्या बाजेवर किंवा पोत्यांच्या थप्पीवर कॉइल तोंड वर करून ठेवा आणि मशीन हलणार नाही असं टेकवा. दोन माणसांनी पेंडी दोन्ही टोकांना धरून कॉइलच्या वर दोन इंचांवरून संथपणे सरकवायची. मग पेंडी उलटी करून पुन्हा सरकवायची, कारण जाड पेंडीच्या वरच्या अंगातली वस्तू एका बाजूनं दिसत नाही. बांगड्या, कडं, घड्याळ काढून ठेवा, नाहीतर धरणाऱ्याचे हातच वाजतील. पेंडी वाजली की ताडपत्रीवर सोडून मूठमूठ करून बघा. या कामाचा दुसरा फायदा जनावरांना होतो. पडीक रानातल्या गवतात तारेचे तुकडे आणि खिळे असतात. गाय-म्हैस चारा न निवडता गिळते. तार जाळीपोटात रुतते आणि पुढे हृदयापर्यंत टोचू शकते. कडबा कुट्टीचं पातंही अशा तुकड्यानंच तुटतं. म्हणून दागिना सापडो न सापडो, पेंड्या मशीनवरून गेलेल्या बऱ्या.

गवत पेटवून रान मोकळं करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आग पसरण्याचा धोका तर आहेच, मंगळसूत्र दोऱ्यात ओवलेलं असेल तर दोरा जळून वाट्या-मणी विखुरतात. शिवाय लोहयुक्त माती तापली की तिच्यातली काही खनिजं जास्त चुंबकीय होतात. जिथं धसकटांचा ढीग जळाला, तिथं मशीन पुढे कायम कुरकुरत राहतं. जुन्या चुलवणाच्या जागी येणारा विनाकारण आवाज त्यातलाच.

गवत कापताच येत नसेल, म्हणजे ते दुसऱ्याचं आहे किंवा वैरणीसाठी राखलेलं आहे, तर मालकाला विचारून ते निजवा. सहा फुटी जाड बांबूला किंवा फळीला दोन्ही टोकांना दोरी बांधा आणि एकाच दिशेनं ओढत न्या. गवत एका अंगाला लोळतं. मग कॉइल गवत ज्या दिशेला निजलं आहे त्याच दिशेनं सरकवा. उलट दिशेनं नेलं तर काड्या कॉइलखाली उभ्या राहतात आणि कॉइल उचललं जातं. ही पद्धत कापण्याइतकी चांगली नाही. कुसळी आणि पवना बऱ्यापैकी निजतात, पण घाणेरी किंवा वेडी बाभूळ असेल तर तोडण्याला पर्याय नाही.

कापणाऱ्यांच्या अंगाकडेही लक्ष द्या. गाजर गवत फुलावर असेल तर पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल हवा, त्यानं अंगाला खाज आणि दम्याचा त्रास होतो. घोणस आणि फुरसं वाळल्या गवताच्या रंगात मिसळून जातात. काठीनं आपटत पुढे जा, गमबूट घाला, ठोंबाखाली उघडा हात घालू नका. साप चावला तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं काहीही करू नका. चावलेला अवयव हलू न देता १०८ ला फोन करा आणि सापाची लस असलेला दवाखाना गाठा. जुन्या रानात उघडी बोअरही असते. वीतभर रुंदीच्या भोकात पाय जाऊ शकतो, म्हणून पहिली फेरी नेहमी काठीनं चाचपत घ्या.

मशीन विनाकारण ओरडतं: चार चाचण्या

गवत कापूनही आवाज थांबत नसेल तर सेटिंगला हात लावण्याआधी या चार चाचण्या याच क्रमानं घ्या. प्रत्येक चाचणी एकेक कारण वेगळं काढते.

पहिली: कॉइल कमरेएवढं उंच, जमिनीला उभं काटकोनात धरा आणि स्थिर राहा. काहीही न हलवता आवाज येत असेल तर दोष बाहेरच्या विजेचा. वरून जाणारी तार, विहिरीवरच्या मोटारीचं स्टार्टर, खिशातला मोबाईल. मोबाईल बंद करा किंवा एअरप्लेन मोडवर टाका. आवाज सेकंदाला एक असा टक-टक ठेक्यात येत असेल तर आजूबाजूला रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन आहे असं समजा. शेजाऱ्याला सांगून तासभर बंद करून घ्या. तारेला हात लागण्याचा धोकाही टळतो. मोटारींचा त्रास असेल तर सोपा उपाय म्हणजे थ्री फेज लाईट नसते त्या वेळेत काम करणं. शेतीच्या लाईटचं वेळापत्रक गावात सगळ्यांना पाठ असतं. मशीनवर नॉइज कॅन्सल किंवा फ्रिक्वेन्सी शिफ्टचं बटण असेल तर तेही याच स्थितीत, कॉइल हवेत धरूनच दाबा.

दुसरी: कॉइल हवेतच ठेवून त्याच्या कडेला बोटांनी हलकी टिचकी मारा, मग केबल हलवा. टिचकीला वाजलं तर कॉइल आतून सैल आहे किंवा त्याला तडा गेला आहे. केबल हलवल्यावर वाजलं तर कनेक्टर किंवा केबल. गवतात ही तक्रार जास्त दिसते, कारण गवत केबलला अडकून ओढतं. केबल रॉडवर घट्ट गुंडाळून तीन-चार ठिकाणी वेल्क्रोनं बांधा. कॉइलच्या तोंडाशी मात्र दोन इंच ढील ठेवा, नाहीतर कॉइल वर-खाली केलं की ताण थेट जोडावर येतो. कॉइल लोंबकळत असेल तर बोल्टजवळचे रबरी वॉशर झिजलेले आहेत. सायकलच्या जुन्या ट्यूबचे गोल तुकडे कापून बसवले की काम भागतं. पण प्लास्टिकचा बोल्ट तुटला म्हणून तिथं लोखंडी बोल्ट कधीही घालू नका. मग मशीन त्या बोल्टलाच बघत बसेल.

तिसरी: ओल्या गवताची मूठ घेऊन हवेत धरलेल्या कॉइलच्या खालच्या बाजूनं पुसा. हातात अंगठी नको. इथं आवाज आला तर कॉइलचं आतलं शील्ड कमजोर आहे. चांगल्या कॉइलला आतून ग्राफाइटसारख्या वाहक थराचं कवच असतं, त्यामुळे ओलं गवत घासलं तरी फरक पडत नाही. स्वस्त कॉइलमध्ये हा थर नीट नसतो. त्याला घरगुती दुरुस्ती नाही. उपाय एवढाच, की दव उडून गेल्यावर, सकाळी दहानंतर काम करा आणि कॉइल गवताला घासू न देता एक इंच वर ठेवा. गवतात शिरल्याबरोबर मशीन ओरडतं आणि अंगणात शांत राहतं, या कोड्याचं उत्तर अनेकदा या तिसऱ्या चाचणीत मिळतं.

चौथी: मातीचा मोकळा तुकडा निवडा आणि कॉइल दीड फुटावरून दोन इंचांपर्यंत वर-खाली करा. खाली नेताना किंवा वर उचलताना आवाज वाढत असेल तर ग्राउंड बॅलन्स बिघडला आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर.

चारही चाचण्यांत मशीन शांत असेल आणि तरी चालताना वाजत असेल, तर कॉइलचं कव्हर काढून बघा. कव्हर आणि कॉइल यांच्यामध्ये काळी माती आणि कुसळं जाऊन बसतात. ती माती लोहयुक्त असते आणि कॉइलच्या अगदी पोटाशी चिकटलेली असते, म्हणून प्रत्येक धक्क्याला हलून आवाज करते. धुवा, कोरडं करा, परत लावा. आणखी एक कारण पायात असतं. स्टीलच्या टोकाचे सेफ्टी बूट प्रत्येक फेरीच्या टोकाला वाजतात. साधे गमबूट घाला. विळा, खुरपं, पाण्याची स्टीलची बाटली तीन फुटांपलीकडे ठेवा.

मराठवाड्याची माती आणि ग्राउंड बॅलन्स

आपली बहुतेक जमीन बेसाल्टच्या दगडापासून झालेली आहे. त्या दगडात मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजं असतात, ती मातीतही उतरतात. समुद्रकाठच्या पांढऱ्या वाळूत मिळणारी खोली इथं मिळत नाही, कुठल्याही मशीनला. ग्राउंड बॅलन्स म्हणजे मातीचा हा आवाज मशीनला आधी ऐकवून तो सोडून द्यायला सांगणं. उंच गवतात हे होतच नाही. कॉइल खाली-वर केलं तरी ते गवतावरच थांबतं, मशीन हवेशी जुळतं, आणि पुढे एखाद्या उघड्या जागी कॉइल खाली गेलं की माती एकदम ओरडते. म्हणून बॅलन्स नेहमी दोन-तीन फुटांच्या साफ खरडलेल्या मातीवर करा. आधी ऑल मेटलवर फिरवून तिथं धातू नाही याची खात्री करा. बॅलन्स जमला हे ओळखायचं असं: कॉइल खाली नेताना आणि वर आणताना आवाज सारखाच राहतो.

काळ्यातून मुरमाड बरडात गेलात की पुन्हा करा. धुऱ्यावर चढलात की पुन्हा करा. उन्हात मशीन तापतं, म्हणून तीसेक मिनिटांनी एकदा तपासा. जायकवाडीच्या कालव्याखालच्या चोपण, खारवट पट्ट्यात माती ओली असेल तर ती स्वतः वीज वाहते आणि एकाच फ्रिक्वेन्सीचं मशीन फार बडबडतं. तिथं एक तर जमीन सुकू द्या किंवा मल्टी फ्रिक्वेन्सी मशीन वापरा. भाड्यानं महाग मशीन आणण्याचं हे एक पटणारं कारण.

सेन्सिटिव्हिटीबद्दल गैरसमज मोठा आहे. ती पूर्ण चढवली की मशीन वस्तूंसोबत मातीलाही मोठ्यानं वाचतं, आणि त्या गोंगाटात अंगठीचा बारीक आवाज बुडतो. काळ्या रानात ७० टक्क्यांच्या आसपास सुरू करा, मशीन शांत होईपर्यंत खाली या. शांत मशीनच खोल बघतं.

फाल्गुनानंतर काळ्या जमिनीला भेगा पडतात, त्यातून दोन अडचणी येतात. भेग म्हणजे मातीतली पोकळी. तिच्यावरून कॉइल गेलं की मातीचा सिग्नल एकदम बदलतो आणि खोटा आवाज येतो. तो ओळखायला भेगेच्या रेषेवरून लांबीच्या दिशेनं कॉइल न्या. आवाज रेषाभर पसरला तर भेग, एका जागी ठाम राहिला तर वस्तू. दुसरी अडचण मोठी आहे. लहान दागिना भेगेत पडला की दोन फूटही खाली जातो आणि पहिल्या पावसात भेग मिटून वर माती बसते. मग वरून कुठलंही मशीन त्याला गाठत नाही. त्यामुळे भेगाळलेल्या रानात दागिना पडल्याचं कळलं तर पाऊस येण्याआधीच शोधा. भेगेत बॅटरीचा उजेड टाका, पातळ पिनपॉइंटर (हातात धरायचं छोटं काडीसारखं डिटेक्टर) आत जातो का बघा.

बेसाल्टचे सुटे गोटेही वाजतात. त्यांचा आवाज एका बाजूनं येतो, उलट फेरीत येत नाही, आणि कॉइल दोन इंच उचललं की नाहीसा होतो. धातूचा आवाज दोन्ही बाजूंनी येतो आणि उचलल्यावर हळूहळू कमी होतो.

कॉइल कोणतं आणि फिरवायचं कसं

बहुतेक मशीनसोबत ११ इंची डीडी कॉइल (आत इंग्रजी D आकाराची दोन वेटोळी असलेलं) येतं. मोकळ्या जागेत ते उत्तम. ठोंब दाट असतील, त्यांच्यामध्ये वीतभरच जागा असेल, तर ६ इंची कॉइल लावा. त्याची खोली कमी, पण ते ठोंबांच्या मधून जमिनीला टेकतं. मोठं कॉइल ठोंबावर चढून सहा इंच वर राहतं, त्यापेक्षा लहान कॉइल टेकलेलं बरं. कॉन्सेंट्रिक कॉइल (एकात एक गोल वेटोळी असलेलं) लोहयुक्त मातीत डीडीपेक्षा जास्त बडबडतं, म्हणून इथं शक्यतो डीडीच घ्या.

मनाला येईल तसं फिरवत गेलं तर निम्मी जमीन सुटते आणि कोणती सुटली हेही कळत नाही. सुतळी आणि खुंट्या घ्या. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. त्यात साडेतीन फुटांवर सुतळी ताणली की दहा पट्टे होतात. प्रत्येक फेरी ४ फूट रुंद घ्या, म्हणजे शेजारच्या पट्ट्यात अर्धा फूट जाते. पुढे सरकताना अर्धं कॉइल, म्हणजे ५ इंचच सरका. एका पट्ट्यात सुमारे ८० फेऱ्या होतात. एका फेरीला तीन सेकंद धरले तर पट्ट्याला चार मिनिटं, गुंठ्याला चाळीस. मग सुतळ्या काटकोनात फिरवून पुन्हा तेवढंच, कारण उभी रुतलेली अंगठी एका दिशेनं कमी आणि दुसरीकडून जास्त वाजते. खणणं धरून गुंठ्याला निम्मा दिवस सोडा. दहा मिनिटांत गुंठा फिरून झाला तर तो झालेला नाही.

फेरीच्या दोन्ही टोकांना हात नकळत वर उचलला जातो. झोपाळ्यासारखं कॉइल टोकाला चार इंच वर जातं आणि पट्ट्याच्या कडा कोऱ्या राहतात. धसकटावर कॉइल हलकं दाबून, सपाट ठेवून, जमीन पुसल्यासारखं न्या. आपटू नका.

खणताना

वापसा असताना खणा. चिखलात माती खुरप्याला चिकटते आणि वस्तू तिच्यात लपते, कोरड्यात ढेकूळ कुदळीशिवाय फुटत नाही. जागा नक्की करायला कॉइल एकदा पूर्व-पश्चिम, एकदा दक्षिणोत्तर फिरवा. जिथं दोन्ही आवाज सर्वात ठाम, तिथं काडी टोचा. काडीवर खुरपं मारू नका. तिच्यापासून चार इंच बाजूनं गोल ढेकूळ उचला आणि प्लास्टिकच्या टबात ठेवा, लोखंडी घमेल्यात नको. आता आवाज खड्ड्यात आहे की टबात, ते बघा. टबात असेल तर ढेकूळ हातानं दोन भाग करा, वाजणारा भाग ठेवा, न वाजणारा टाका, आणि असंच अर्धं-अर्धं करत जा. काळ्या मातीत अंगठी ढेकळाच्या आत अशी बसते की डोळ्यांना दिसत नाही. तीन-चार वेळा अर्धं केलं की मुठीएवढा गोळा उरतो. तो पाण्यात विरघळवला की वस्तू तळाशी.

आवाज एका जागी न थांबता लांबच लांब ओळीत येत असेल तर तिथंच थांबा. ती मोटारीची केबल असू शकते. लाईट कुठून कुठे गेली आहे हे रानाच्या मालकाला विचारल्याशिवाय पुढे कुदळ मारू नका. सपाट लोखंडाचे तुकडे, विशेषतः बैलाच्या पत्र्या आणि बैलगाडीच्या धावेचे तुकडे, चांगल्या धातूसारखा उंच आवाज देतात. त्यांचा आवाज कॉइल फिरवताना कडेला तुटतो, तेवढ्यावरून अंदाज येतो, खात्री नाही. दागिन्याच्या शोधात ते खणावेच लागतात. निघालेलं लोखंड परत रानात फेकू नका, पोत्यात भरा, म्हणजे पुढच्या वेळी तेवढं कमी वाजेल. खड्डा बुजवण्याआधी त्यात एकदा कॉइल फिरवा. एका आवाजाखाली दुसरी वस्तू असते.

जुनं नाणं, भांडं, मूर्ती असं काही हाती लागलं तर ते घरी नेण्याची वस्तू नाही. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ चा आहे. जमिनीत दडलेली १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर काय सापडलं, कुठे आणि कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. रान स्वतःचं असलं तरी. तेर, पैठण, भोकरदन ही प्राचीन व्यापारी गावं. तिथल्या पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या) टेकाडांवर आणि संरक्षित किल्ल्यांच्या आवारात मशीन घेऊन जाऊच नका, हरवलेली वस्तू शोधायला म्हणूनही परवानगीशिवाय नको. गायरानात गवत कापायचं असेल तर ग्रामपंचायतीला आधी सांगा.

दोन्ही दिशांनी सगळे पट्टे झाले, पेंड्या तपासल्या, तरी वस्तू मिळाली नाही, तर चार कोपऱ्यांच्या खुंट्या काढू नका. त्या जागेवर दगड रोवून खूण करा. पुढच्या वखरणीनंतर माती वर-खाली होते आणि आज खाली असलेलं जोडवं वर येऊ शकतं. गवत उगवायच्या आत, वखराच्या मागोमाग, त्याच पट्ट्यांत पुन्हा फिरा.